यंत्र निवडायचे कोणी?

गेल्या वैशाखात गुवाहाटीतील एका दुकानात मी आणि माझी पत्नी वॉशिंग मशीन पाहायला गेलो, तेव्हा विक्रेत्या तरुणाने पहिलाच प्रश्न केला, "सर, किती किलोचे?" शासकीय खरेदीच्या फायलींत आयुष्य घालवलेल्या माणसाला हा प्रश्न ओळखीचा वाटला. आमच्याकडेही निविदेत आधी क्षमता लिहिली जाई, मग सर्वांत कमी दर पाहिला जाई. ती वस्तू वापरणार कोण, हे बहुधा शेवटपर्यंत कोणी विचारीत नसे. त्या दिवशी मीही विचारले नाही. आमचे कपडे गेली नऊ वर्षे ज्या बाई धुतात, त्या त्या वेळी आमच्याच घरी भांडी घाशीत होत्या.

किलोचा प्रश्न खरे तर दुय्यम आहे. आपल्या देशात हे यंत्र दुकानात नव्हे, नळापाशी उभे राहून निवडावे लागते. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील भूजलात लोहाचे प्रमाण पुष्कळ ठिकाणी अधिक आहे. कूपनलिकेतून येताना हे पाणी स्वच्छ दिसते. हवा लागली की पिवळट होते आणि बादलीच्या तळाशी तांबूस गाळ बसतो. आसामातील कित्येक घरांच्या परसात वाळू-कोळशाचे गाळणे असते ते याचसाठी. अशा पाण्यात पांढरा कपडा हळूहळू पिवळा पडतो, आणि डाग घालवण्यासाठी क्लोरीनचे ब्लीच वापरले तर तो उलट पक्का होतो. पांढऱ्या सुताचा, तांबड्या नक्षीचा गमोसा आम्ही बिहूला वडीलधाऱ्यांना देतो, पाहुण्यांच्या गळ्यात घालतो. तो पिवळा पडलेला पाहणे कोणत्याही आसामी घराला रुचत नाही. गुरुग्राम किंवा राजस्थानातील कूपनलिकांची तक्रार निराळी. तिथल्या जड पाण्यातले क्षार यंत्राच्या हीटरवर थर धरतात आणि साबणाला फेस येऊ देत नाहीत. यंत्र तेच, पण त्याची गाठ दर जिल्ह्यात वेगळ्या पाण्याशी पडते. दुकानातल्या माहितीपत्रकात मात्र पाण्याविषयी अक्षर नव्हते.

पाणी कसे आहे याबरोबर किती आहे, हेही पाहावे लागते. जलजीवन मोहीम १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाली, तेव्हा ग्रामीण भागातील ३ कोटी २३ लाख घरांत नळ होता. आज ही संख्या १५ कोटींच्या पुढे गेली आहे. हे काम मोठेच आहे. पण मोहिमेचा निकष माणशी दररोज ५५ लिटरचा आहे. पाच जणांच्या कुटुंबाला २७५ लिटर मिळतात, आणि वरून झाकण उघडणारे पूर्ण स्वयंचलित यंत्र एका धुण्यालाच शंभर लिटरच्या वर पाणी घेऊ शकते. समोरून दार उघडणारे यंत्र त्याच्या निम्म्यात भागवते. परंतु त्याला नळाला सतत पाणी आणि पुरेसा दाब लागतो. छतावरची टाकी यंत्रापेक्षा तीन-चार मीटर उंच नसेल, तर वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला पंप बसवावा लागतो. शिवाय पाणी तापवताना ते सुमारे दोन किलोवॅट वीज ओढते, आणि अनेक लहान घरांचा मंजूर वीजभारच तेवढा असतो. म्हणून दोन टबांचे अर्धस्वयंचलित यंत्र घेणाऱ्या लाखो कुटुंबांना मागासलेली म्हणण्यात अर्थ नाही. त्यात बादलीने पाणी ओतता येते, वीज गेली तर कपडे हाताने बाहेर काढता येतात, साबणाचे पाणी दुसऱ्या धुण्याला वापरता येते. त्या कुटुंबांनी आपल्या नळाची परीक्षा दुकानदारापेक्षा नीट केलेली असते.

जुलै २०१८ मध्ये वॉशिंग मशीनवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१९ मध्ये त्यासाठी तारांकित लेबल आणले. दोन्ही निर्णय योग्यच होते. परंतु तारे यंत्राची परीक्षा करतात, त्याला जोडलेल्या नळाची नव्हे.

आता ड्रायरविषयी. १९८०च्या दशकात, नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, माझी नेमणूक सोहरा येथे होती. इंग्रजांनी त्याला चेरापुंजी केले. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत तिथे २६,४६१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि तो जागतिक विक्रम अजून टिकून आहे. पावसाळ्यात माझे शर्ट शेगडीच्या धगीवर वाळत, आणि दिवसभर कार्यालयात मला माझ्याच धुराचा वास येई. त्याच सोहरात हिवाळ्यात झरे आटत आणि बायका कपड्यांची गाठोडी घेऊन दरीतल्या ओढ्यापर्यंत उतरत. त्या काळी कोणी मला ड्रायर देऊ केला असता, तर मी त्याला देवदूत मानले असते.

तरीही दुकानात मी ड्रायरला नकार दिला. सात-आठ किलो ओले कपडे वाळवायला साधा कंडेन्सर ड्रायर चार युनिटांच्या आसपास वीज घेतो. हीट पंपाचा त्याच्या निम्म्यात काम करतो, पण किंमत फार. धुणे आणि वाळवणे एकाच पेटीत करणारे यंत्र जागा वाचवते. मात्र आठ किलो धुणारे यंत्र पाचेक किलोच वाळवू शकते, आणि त्यातली अनेक यंत्रे वाफ थंड करण्यासाठी वाळवतानाही नळाचे पाणी वापरतात. खरे वाळवणे आधीच झालेले असते, ते पिळण्यात. मिनिटाला १२०० ते १४०० फेऱ्यांनी पिळलेला कपडा सातशे फेऱ्यांच्या कपड्यापेक्षा पुष्कळ कोरडा निघतो, आणि फिरवून पाणी काढण्याला लागणारी वीज ते उष्णतेने उडवण्याच्या मानाने नगण्य असते.

आमच्या निवासी सोसायटीने मात्र बाल्कनीत कपडे वाळत घालण्यास मनाई केली आहे. कारण दिले आहे इमारतीच्या 'दर्शनी शोभे'चे. उत्तरेकडील नव्या टॉवरांमध्येही मी हा नियम पाहिला. ज्या देशात वर्षाचे निदान आठ महिने ऊन फुकट मिळते, तिथे कपडे लपवण्यासाठी कोळशाची वीज जाळायची! अमेरिकेत फ्लोरिडासारख्या राज्यांनी कपड्यांच्या दोरीवर बंदी घालण्यासच कायद्याने प्रतिबंध केला आहे. तिथे घरोघरी ड्रायर असताना ही वेळ आली, हे आपल्या नगरविकास खात्यांनी ध्यानात घ्यावे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक पुस्तक मला नेहमी आठवते. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये 'मोअर वर्क फॉर मदर' लिहिले. यंत्रे आली, पण पूर्वी धोबिणीकडे किंवा लाँड्रीत जाणारे कपडे घरी परतले आणि गृहिणीचे काम घटलेच नाही, असा त्यांचा सिद्धान्त. आपल्या २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला २९९ मिनिटे देत होत्या, पुरुष ९७. यंत्राची बटणे या दोन आकड्यांतले अंतर आपोआप मिटवत नाहीत.

अखेर हा प्रश्न पत्नीने कामाच्या बाईंना विचारला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बाईदेउ, मशीन आली की कपड्यांचे पैसे कापणार का?" मी सगळी तांत्रिक पत्रके वाचली होती, हा मुद्दा एकातही नव्हता. पत्नीने तिथल्या तिथे सांगितले की एक रुपया कमी होणार नाही. पैसे कामाचे आहेत, पाठदुखीचे नव्हेत. मग बाई मोकळेपणी बोलू लागल्या. समोरून उघडणारे यंत्र त्यांना नको होते, कारण रोज वाकावे लागते. पण दुसऱ्या एका घरी ते हातभर उंच विटांच्या ओट्यावर बसवलेले त्यांनी पाहिले होते. तसे केले तर चालेल. आणि आधी लोह काढणारे गाळणे बसवा, नाहीतर मशीनही कपडे पिवळेच काढील.

आम्ही तसेच केले. ड्रायरचे वाचलेले पैसे गाळणे आणि ओटा यांत गेले. कंपनीच्या माणसाने ओटा हलणार नाही ना, हे दोनदा तपासले. बाल्कनीचा नियम रद्द करण्याचा माझा अर्ज सोसायटीच्या पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर आहे. सचिवांनी तो 'इतर विषयां'त शेवटी टाकला आहे, आणि ही युक्ती मला नोकरीमुळे चांगलीच परिचयाची आहे.

पहिल्या धुण्याला बाईंनी चादरी आणि माझे कुडते यंत्रात घातले. गमोसे त्यांनी वेगळे काढून ठेवले होते. गाळण्याचे पाणी बादलीत भरून ते त्यांनी हातानेच धुतले.