उंब्रजमध्ये जागा घेण्याआधी

कराड तालुक्यातले उंब्रज कृष्णा आणि तारळी या नद्यांच्या संगमावर वसले आहे, आणि पुणे–बंगळूर महामार्ग गावाला लागूनच जातो. इथे घर किंवा प्लॉट घेणाऱ्याने परिसराची पारख पाणी आणि रस्ता या दोन गोष्टींपासून सुरू करावी, आणि त्यातही आधी पाणी.

पावसाळ्यात कोयनेच्या विसर्गाची बातमी सगळीकडे गाजते. पण कोयना कृष्णेला मिळते ती कराडच्या प्रीतिसंगमावर, म्हणजे उंब्रजच्या खालच्या अंगाला. उंब्रजकरांनी आधी पाहायचा तो धोम, कण्हेर आणि उरमोडी धरणांतून कृष्णेत येणारा विसर्ग आणि तारळी धरणातून येणारे पाणी. हे सगळे इथवर एकत्र येते. कृष्णा दुथडी भरली की तारळीच्या पाण्याला वाट मिळत नाही. ते मागे फुगते आणि लहान ओढ्यांतही शिरते. त्यामुळे ‘कृष्णा इथून लांब आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. प्लॉटजवळचा ओढा कुठून येतो आणि कुठे मिळतो, हे त्याच्या काठाने चालत जाऊन पाहावे.

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, दोन रेषांमध्ये अटी असतात. पण नकाशावरच्या रेषेइतकाच जुन्या माणसांच्या आठवणीला मान द्यावा, आणि त्या आठवणीलाही शेवटची मर्यादा समजू नये. सांगलीत 2005च्या महापुराची खूण लोकांनी मनात पक्की केली होती. ऑगस्ट 2019मध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याने 57 फुटांची पातळी ओलांडली आणि ती खूण पाण्याखाली गेली. म्हणून 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षी पाणी कुठवर आले होते, हे शेजारच्या किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीत विचारावे. विकणाऱ्याचे उत्तर तेवढ्यावर तपासून घ्यावे. जागा एप्रिलमध्ये पसंत पडली असेल, तर जुलैमध्ये पुन्हा एकदा पाहून यावे. शक्य असेल तर व्यवहार तोवर थांबवणेच शहाणपणाचे.

नदीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया उथळ असेल तर भिंतींना तडे जातात. शेजारच्या पाच-सहा जुन्या घरांच्या भिंती पाहिल्या की जमिनीचा स्वभाव कळतो. 11 डिसेंबर 1967चा कोयनेचा भूकंप या भागाने अनुभवला आहे, त्यामुळे तयार घर घेताना पिलर आणि बीमचे काम अभियंत्याकडून तपासून घेण्यात कसूर करू नये.

महामार्गाने पुणे, सातारा, कराड जवळ आणले आणि गावाचे दोन भागही केले. घर एका बाजूला, शाळा, दवाखाना आणि एसटीचा थांबा दुसऱ्या बाजूला असेल, तर भुयारी मार्ग किती लांब आहे आणि पावसात त्यात पाणी साचते का, हा लहान मुले व म्हातारी माणसे असलेल्या घरासाठी रोजचा प्रश्न असतो. सातारा–कागल टप्प्याचे सहापदरीकरण लक्षात घेऊन महामार्गालगतच्या जागेची इमारत रेषा, नियंत्रण रेषा आणि भूसंपादनाची नोंद तपासावी. एक फेरी रात्री अकरानंतर मारावी, म्हणजे ट्रकच्या आवाजाचा अंदाज येतो. गळीत हंगामात मसूर–शिरवडे बाजूला सह्याद्री कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्यांची रीघ असते. पौषात पालच्या खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा उंब्रजमधून पालकडे जाणारा रस्ता भाविकांनी भरून वाहतो.

पिण्याच्या पाण्याची चौकशी मे महिन्यात करावी, तीही नळाला किती वेळ पाणी येते इतक्या नेमकेपणाने.

कागदांत सातबाराचा ‘इतर हक्क’ रकाना सगळ्यांत आधी वाचावा. बँकेचा बोजा, कुळाची नोंद किंवा ‘पुनर्वसनासाठी राखीव’ हा शेरा तिथेच सापडतो. धरणांच्या लाभक्षेत्रात तो शेरा अनेक सातबारांवर असतो. दोन-दोन गुंठ्यांचे प्लॉट सामाईक सातबारावर विकले जातात, तेव्हा घेणाऱ्याचे नाव लागले तरी नेमकी जागा ठरत नाही आणि कर्जही अडते. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे; मिळकत पत्रिका मागावी. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरच्या किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांच्या प्रकल्पाला महारेराची नोंदणी लागते, आणि ती संकेतस्थळावर पाहता येते.

इसार देण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी आणि त्या दिवशी लगतच्या गटांचे मालक हजर असावेत. हद्दीचे दगड कुठे पडतात आणि प्लॉटपर्यंतची वाट कोणाच्या बांधावरून जाते, ते त्याच दिवशी सर्वांसमोर ठरते.