कानातले तोलाचे इंद्रिय

आंतरकर्णात ऐकण्याची शंखाकृती नळी आणि तिला लागूनच तोल सांभाळणारा भाग असतो. दोन्हींकडे काम केशपेशींचेच: त्यांचे सूक्ष्म केस वाकले की चेतातंतूंकडे संकेत जातो. फरक एवढाच की नळीत ते ध्वनिकंपनांनी वाकतात, तोलाच्या भागात डोक्याच्या हालचालीने.

तीन अर्धवर्तुळाकार नलिका एकमेकींशी जवळपास काटकोनात असतात. डोके वळले की नलिका लगेच फिरते, आतला द्रव मात्र मागे रेंगाळतो. बराच वेळ गिरक्या घेऊन थांबल्यावर उलट होते. नलिका थांबते, द्रव सरकतच राहतो, म्हणून भोवळ येते.

शेजारच्या दोन पिशव्यांत केशपेशींवर कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक असतात. गुरुत्वाकर्षण आणि सरळ रेषेतले त्वरण त्यांच्यामुळे जाणवते. हे स्फटिक निसटून नलिकेत शिरले, तर नुसती कूस बदलतानाही घर गरगरते. अशा वेळी गोळ्यांपेक्षा, डोके ठरावीक क्रमाने वळवून स्फटिक परत पिशवीत नेण्याची कृती अधिक गुणकारी ठरते.

रॉबर्ट बारानी यांनी कानात गरम वा थंड पाणी सोडून डोळ्यांची थरथर पाहण्याची चाचणी रूढ केली. १९१४चे नोबेल त्यांना मिळाले. तापमानातील फरकाने द्रव हलतो आणि प्रत्येक कान स्वतंत्रपणे तपासता येतो.