संत्र्याचा सौदा करण्यापूर्वी बागेचे कुंपणही पाहा

वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे), आष्टी आणि आर्वी हे तालुके संत्र्यासाठी ओळखले जातात. आपले बागवान बांधव येथील बागांचा माल पुष्कळदा झाडावरच विकत घेतात. झाडे मोजली जातात, फळांचा अंदाज बांधला जातो, इसार दिला जातो आणि रखवालदार बसवला जातो. चोर आणि माकडे यांचा हिशेब सौद्यात धरलेला असतो. किडीचा हिशेब मात्र फार थोडे जण धरतात. मग सप्टेंबर महिन्यात झाडाखाली फळांचा सडा पडला की नशिबाला दोष दिला जातो. हे नुकसान नशिबाचे कमी आणि नजरचुकीचे जास्त असते, असे आमचे मत आहे.

आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळे साधारण ऑक्टोबरपासून तोडणीला येतात. फळात रस भरू लागतो त्याच वेळी, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, रस शोषणारा पतंग बागेत उतरतो. हा पतंग चांगला मोठा असतो. पुढचे पंख वाळलेल्या पानासारखे तपकिरी, तर मागचे पिवळे-नारिंगी आणि त्यावर काळे डाग. दिवसा तो पाचोळ्यात व झुडपांत दडून राहतो, म्हणून दिवसा बाग पाहून परतणाऱ्या व्यापाऱ्याला तो कधीच दिसत नाही. अंधार पडल्यावर तो फळावर बसतो आणि आपली टणक सोंड सालीत खुपसून रस पितो.

पतंग किती रस पितो हा प्रश्नच नाही. खरे नुकसान त्या भोकामुळे होते. टाचणीने टोचावे एवढेच ते असते, पण फळ दाबले की त्यातून रस बाहेर येतो. त्या वाटेने बुरशी आत शिरते, भोकाभोवती तपकिरी चट्टा पडतो आणि काही दिवसांत फळ गळते. जे फळ गळण्यापूर्वीच तोडले गेले ते तर व्यापाऱ्याला जास्तच महाग पडते. काल टोचलेले फळ आज कॅरेटमध्ये चांगलेच दिसते. नागपूरच्या कळमना बाजारापर्यंत ते तग धरते, पण पुढच्या लांब प्रवासात सडते आणि शेजारची फळेही बिघडवते. म्हणून तोडणीच्या वेळी शंका आलेले फळ अंगठ्याने हळूच दाबून पाहणारा मजूर मिळाला तर त्याला चार पैसे जास्त द्यावेत.

गळलेले फळ कापूनही पाहावे. आत पांढऱ्या बारीक अळ्या असतील तर ते काम फळमाशीचे. अळ्या नसतील आणि फक्त भोकाजवळचा भाग सडलेला असेल तर पतंगाचा संशय घ्यावा. हा फरक कळणे महत्त्वाचे आहे, कारण दोघांचे उपाय निराळे आहेत. फळमाशीसाठी कृषी सेवा केंद्रात मिथाइल युजेनॉलचे सापळे मिळतात. त्यात नर माशा अडकतात. पतंग त्या सापळ्याकडे फिरकतही नाही.

आता कुंपणाकडे येऊ. या पतंगाची अळी संत्र्यावर जगत नाही. ती गुळवेल, वासनवेल अशा रानवेलींची पाने खाऊन वाढते. या वेली बांधावर, नाल्याच्या काठाला आणि बागेच्या कुंपणावर पावसाळ्यात भरभरून वाढतात. म्हणजे बाग कितीही स्वच्छ ठेवली तरी पतंगाचे पाळणाघर कुंपणावरच असते. जून-जुलैमध्ये या वेली मुळासकट काढल्या तर पुढचा बराच त्रास कमी होतो. येथे एक अडचण आहे. गुळवेल औषधी आहे, अत्तारांच्या दुकानात तिला गिलोय म्हणून मागणी असते, आणि 2020 च्या कोरोनानंतर अनेकांनी ती हौसेने घराघरांत लावली. अशांना आम्ही वेल तोडा म्हणणार नाही. परंतु संत्र्याच्या बागेलगत ती ठेवू नये, आणि अंगणात असेल तर पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पाने उलटून पाहावीत. बाजूला डोळ्यांसारखे ठिपके असलेली, चालताना पाठीची कमान करणारी अळी दिसली की वेचून साबणाच्या पाण्यात टाकावी.

पतंग बागेत आल्यावर धूर हा जुना उपाय अजूनही उपयोगी पडतो. संध्याकाळी सातच्या सुमारास ओला काडीकचरा व कडुनिंबाचा पाला पेटवून दहा-अकरा वाजेपर्यंत धूर राहील असे करावे. जाळ होऊ देऊ नये. कृषी शास्त्रज्ञ विषारी आमिषाचीही शिफारस करतात. 2 लिटर पाण्यात 200 ग्रॅम गूळ, थोडा सिरका किंवा फळांचा रस आणि 20 ग्रॅम मॅलेथिऑन पावडर मिसळून रुंद तोंडाच्या भांड्यांतून हे मिश्रण झाडांवर टांगतात. मात्र भोवती पिकती फळे असताना सारेच पतंग गुळाकडे येतील अशी आशा धरू नये. भांडी मुले व जनावरे यांच्या हाती लागणार नाहीत अशी बांधावीत.

गळलेली फळे रोज वेचून खड्ड्यात पुरावीत. हे काम रखवालदाराकडे सौद्याच्या दिवशीच सोपवावे, नंतर सांगितले तर तो ऐकत नाही. झाडाखाली सडणाऱ्या फळांच्या वासाने आणखी पतंग येतात.

फळे मोजताना खोडाकडेही पाहावे. फांद्यांच्या बेचक्यात लाकडाच्या भुशासारखी, जाळ्यात गुंतलेली तपकिरी पट्टी दिसली की साल खाणारी अळी आहे असे समजावे. ती दिवसा लाकडातल्या बिळात राहते आणि रात्री जाळ्याखालून फिरत साल खाते. दुर्लक्षित जुन्या बागांत ती हटकून असते. जाळे झाडून काढावे, सायकलची जुनी तार बिळात घालून अळी मारावी, पेट्रोलमध्ये भिजवलेला छोटा कापसाचा बोळा आत सरकवून वरून ओली माती लिंपावी. काही बागांत खोडाला निळसर लेप दिसतो. तो बोर्डो मलम, मोरचूद व चुन्याचा, डिंक्या रोगासाठी असतो. तो लावला म्हणजे अळी गेली असा समज करून घेऊ नये.

पाने व फळे काजळी फासल्यासारखी काळी दिसली तर ती कोळशी. काळी माशी पानामागे बसून रस शोषते, चिकट द्रव सोडते आणि त्यावर काळी बुरशी वाढते. असे फळ बाजारात धुऊनही पडत्या भावाने जाते. यावर पिले लहान असतानाच फवारणी लागू पडते, काळी पडल्यावर नाही.

वर्धा, हिंगणघाट, पुलगावच्या मोहल्ल्यांत ज्यांच्या अंगणात संत्र्याचे किंवा मोसंबीचे एखादेच झाड आहे त्यांनी विषारी औषधाच्या वाटेला जाऊच नये. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. अर्धा किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, 10 लिटर पाणी करावे. त्यात थोडा साबणाचा चुरा मिसळला की कोवळ्या पानांवरील किडींसाठी उत्तम फवारा तयार होतो. पतंगासाठी मात्र फळांना पिशव्या घालणे हाच खरा उपाय. आपले शिंपी बांधव उरलेल्या कापडातून त्या सहज शिवू शकतील. पिशवी सैल असावी. जाळीचे कापड फळाला चिकटून राहिले तर पतंग त्यातूनही सोंड खुपसतो.

सौद्याबद्दल एक गोष्ट. फळाची पक्वता दिसण्यापूर्वी झाडावरील फळे विकण्यास हदीसमध्ये मनाई आहे, आणि सौद्यानंतर आफत येऊन फळे गेली तर विकणाऱ्याने त्याचे पैसे घेऊ नयेत अशी रिवायत सहीह मुस्लिममध्ये आहे. तपशिलात इमामांचे मतभेद आहेत, तेव्हा आपला व्यवहार आलिमांपुढे मांडून घ्यावा. व्यवहाराच्या बाजूने आम्ही एवढेच सुचवू की गळ झाल्यास तोटा कोणी किती सोसायचा, धूर आणि वेचणीची मजुरी कोणाची, हे इसार देतानाच दोन साक्षीदारांसमक्ष लिहून घ्यावे. कीड ओळखता येत नसेल तर टोचलेली चार फळे आणि कुंपणावरच्या वेलीची फांदी घेऊन सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जावे.