नट आणायला जाताना जुना बोल्ट खिशात घ्या

हार्डवेअरच्या दुकानात "आठचा नट द्या" म्हटले की दुकानदार नट काढून देतो. घरी येऊन जुन्या बोल्टवर चढवावा, तर दोन-तीन आटे सुरळीत जातो आणि मग अडतो. अडला की आपण पाना लावतो. जोर केला तर नट बसतोही, पण आटे चिरडून बसतो. नट काही रुपयांचाच असतो. मात्र तो बोल्ट पाण्याच्या मोटारीचा असला तर टर्नरकडे दिवसाची मजुरी जाते, आणि बाळाच्या पाळण्याचा असला तर विचारूच नका.

असे होते, कारण बोल्टला एक नव्हे, दोन मापे असतात. एक जाडी आणि दुसरे दोन आट्यांमधले अंतर. या अंतराला कारखान्यात पिच म्हणतात. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 साली इंचांतले ठरावीक आटे सुचवले. इंग्रजी यंत्रांबरोबर ते आपल्या गिरण्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आले. पुढे 1956 च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली, पण जुनी यंत्रे आणि जुनी बोली राहिली. म्हणून आजही कारागीर सुतात बोलतो. आठ सूत म्हणजे एक इंच.

आता गंमत पाहा. अडीच सुती बोल्ट 7.94 मिलिमीटर जाड असतो आणि मेट्रिक आठचा 8 मिलिमीटर. डोळ्यांना फरक कळणे शक्य नाही. परंतु अडीच सुती व्हिटवर्थ बोल्टला एका इंचात 18 आटे असतात, तर साध्या मेट्रिक आठला वीसपेक्षा थोडे जास्त, कारण त्याचा पिच 1.25 मिलिमीटर आहे. शिवाय आट्यांचा कोन व्हिटवर्थमध्ये 55 अंश आणि मेट्रिकमध्ये 60. ही जोडी जमणार कशी?

मोजायला मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी पुरते. सलग दहा आट्यांची लांबी मोजा. ती साडेबारा मिलिमीटर भरली तर पिच 1.25. त्याहून सोपे म्हणजे जुना आणि नवा बोल्ट आट्यांत आटे घालून उजेडासमोर धरा. मध्ये फट दिसली तर माल परत करा. मेट्रिकमध्येही बारीक आट्यांचे बोल्ट असतात. दहाच्या बोल्टचा नेहमीचा पिच 1.5, पण मोटारसायकलींत 1.25 चाही सापडतो. दुकानातच नट हाताने शेवटपर्यंत फिरवून पाहावा. दुकानदार कुरकुरला तरी पाहावा, पैसे आपले आहेत.

पान्याचा नंबर सांगून बोल्ट मागू नका. तेराचा पाना बहुधा आठच्या बोल्टला लागतो आणि दहाचा पाना सहाच्या. लांबी डोके सोडून मोजतात. मात्र डोके लाकडात बुडते त्या स्क्रूची डोक्यासकट. आणि लाकडाचा "आठ नंबर" स्क्रू आठ मिलिमीटरचा नसतो. तो चार मिलिमीटरहून जरासाच जाड असतो.

नळाचे माप तर आणखी वेगळे. "अर्धा इंची" नळाच्या बाहेरच्या आट्यांवर पट्टी ठेवली तर जवळजवळ 21 मिलिमीटर भरते. अर्धा इंच हे पाईपच्या आतल्या पोकळीवरून पडलेले नाव. पट्टीवर 21 पाहून "पाऊण इंची द्या" म्हणणारे पुष्कळ. पाऊण इंचीचे आटे 26 मिलिमीटरच्या वर असतात. जुना नळ काढून सोबत नेणे उत्तम, आधी मुख्य चावी बंद करून.

सायकलवाल्यांसाठी एक गोष्ट. डाव्या पायाच्या पेडलला उलटे आटे असतात. म्हणून दुकानात पेडल मागताना डावे की उजवे ते सांगा. डावे काढताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. नेहमीच्या सवयीने उलटे फिरवाल तर ते आणखी घट्ट बसेल.