इंजिनच्या पट्ट्याचा आवाज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेले गगनबावडा हे महाराष्ट्रातील अतिपावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. कोल्हापूर शहरात वर्षाकाठी साधारण १,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर गगनबावड्यात ५,००० मिलिमीटरचा आकडा ओलांडला जाणे नवलाचे नाही. येथूनच करूळ घाट वैभववाडीकडे आणि भुईबावडा घाट खारेपाटणच्या बाजूला कोकणात उतरतो. संततधार, दाट धुके, लांब चढ आणि खालच्या गिअरमध्ये कापावी लागणारी वळणे यांमुळे या रस्त्यांवर इंजिनच्या पट्ट्याची जी कसोटी लागते, ती सपाटीवरच्या गाडीच्या वाट्याला क्वचितच येते. म्हणूनच पट्ट्याच्या सततच्या आवाजाची तक्रार आणि त्या आवाजाविषयीचे गैरसमज येथे विशेष तपासून पाहण्यासारखे आहेत.

इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला क्रँकशाफ्ट म्हणतात. त्याच्या टोकाच्या पुलीवरून निघालेला रबरी पट्टा वीज निर्माण करणारा अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो. काही गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि इंजिन थंड ठेवणारे पाणी खेळवणारा वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर चालतात. पूर्वी पाचरीच्या छेदाचे अरुंद पट्टे वेगवेगळ्या यंत्रांसाठी वापरले जात. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून मोटारींमध्ये आतल्या अंगाला समांतर कंगोरे असलेला एकच रुंद पट्टा रूढ होत गेला. या पट्ट्याचा ताण कायम राखणाऱ्या स्प्रिंगच्या भुजेला टेन्शनर आणि पट्ट्याला केवळ वळण देणाऱ्या मोकळ्या पुलीला आयडलर म्हणतात. पट्टा, पुल्या, त्यांतील बेअरिंगे आणि टेन्शनर ही सर्व मिळून एकच यंत्रणा आहे, आणि आवाज पट्ट्यातून ऐकू आला तरी त्याचे मूळ या साखळीत कोठेही असू शकते, हे ध्यानात घेतले की पुढचे बहुतेक गैरसमज आपोआप सुटू लागतात.

गैरसमज १ : पट्टा वाजतो म्हणजे पट्टाच खराब झाला आहे, नवा घातला की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : नवा पट्टा घातल्यावर आवाज काही दिवस थांबतो आणि पुन्हा सुरू होतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे, त्याचे कारण असे की नव्या रबराची पकड चांगली असल्याने मूळ दोष तेवढा काळ झाकला जातो. पुली तिरकी बसली असेल, टेन्शनरची स्प्रिंग मऊ पडली असेल किंवा इंजिनच्या सीलमधून झिरपणारे तेल पट्ट्यावर येत असेल, तर तोच दोष नव्या पट्ट्यालाही खराब करतो. पट्ट्याची एक कड सुटून तिचे धागे बाहेर आलेले दिसले, तर पट्टा पुलीच्या कडेला घासत आहे, म्हणजे पुल्या एका रेषेत नाहीत, असे समजावे. पट्टा बसवताना एक खाच सोडून बसला तरी हेच घडते, आणि ही चूक वरून पाहताना सहज नजरेतून सुटते. पट्ट्याच्या पाठीवरचा क्रमांकही वाचावा : ‘६पीके१७५०’ याचा अर्थ सहा कंगोऱ्यांचा, १,७५० मिलिमीटर लांबीचा पट्टा. मूळ पट्ट्याच्या जागी थोडा लांब पट्टा चालवून घेतला, तर टेन्शनर आपल्या मर्यादेच्या टोकाशी जातो आणि पुरेसा ताण देऊ शकत नाही.

गैरसमज २ : पट्ट्याचे सगळे आवाज सारखेच असतात.

वस्तुस्थिती : आवाजाची जात हीच निदानाची पहिली पायरी आहे. चिमणीच्या चिवचिवाटासारखा, तुटक आणि इंजिनच्या गतीबरोबर जलद होत जाणारा आवाज बहुधा पुल्यांच्या तिरकेपणामुळे येतो, कारण प्रत्येक फेरीत कंगोरा खाचेत शिरताना तिच्या भिंतीला घासला जातो. गाडी सुरू करताच, एसी लावताच किंवा गती एकदम वाढवताच येणारी लांबट किंचाळी ही पट्टा घसरत असल्याची खूण असते. रबर पुलीला क्षणभर चिकटते, सुटते आणि पुन्हा चिकटते, आणि हा क्रम अतिशय वेगाने घडल्यामुळे त्या कंपनांचा कर्कश आवाज होतो. याउलट एकसारखी घरघर किंवा गुरगुर येत असेल, तर ‘बेअरिंग गेलंय’ हा मिस्त्रींचा अंदाज बहुधा बरोबर ठरतो. एसी चालू केल्यावरच उमटणारी घरघर कॉम्प्रेसरच्या आतील भागाकडे निर्देश करते.

गैरसमज ३ : गगनबावड्यासारख्या पावसात पट्टा वाजणारच, त्यात बिघाड काही नाही.

वस्तुस्थिती : सुस्थितीतील पट्टा ओला झाल्यावर क्षणभर कुरकुरला तरी तो लगेच शांत व्हायला हवा. कंगोरे आणि पुलीच्या खाचा यांच्यामधील मोकळ्या जागेतून पाणी बाहेर पडते. परंतु कंगोरे झिजले की पट्टा खाचेच्या तळाशी टेकतो, पाण्याला वाट उरत नाही आणि पट्टा पाण्याच्या पातळ थरावर तरंगत घसरतो. म्हणजे पाऊस हा दोष निर्माण करत नाही, तो आधीपासून असलेला दोष उघड करतो.

घाटात याच वेळी भारही वाढलेला असतो. धुक्यामुळे दिवे लावलेले, वायपर चालू आणि काचेवरचे बाष्प घालवण्यासाठी पंखा व एसी सुरू, अशा स्थितीत अल्टरनेटर आणि कॉम्प्रेसर दोन्ही पट्ट्याकडून पूर्ण ताकद मागतात. अल्टरनेटर १४ व्होल्टला ८० अँपिअर देत असेल, तर ती सुमारे १,१०० वॅट वीज होते, आणि त्याची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर त्यासाठी पट्ट्याला सुमारे अडीच अश्वशक्ती एकट्या त्या लहानशा पुलीवरून पोचवावी लागते. ही पुली लहान असल्यामुळे पट्ट्याचा तिच्याशी होणारा स्पर्शही थोडा असतो, म्हणून घसरण बहुधा तेथूनच सुरू होते. आडव्या बसवलेल्या इंजिनांत पट्ट्याची बाजू पुढच्या चाकाजवळ येते आणि मधले प्लास्टिकचे आच्छादन चाकाने उडवलेले पाणी व चिखल अडवते. हे आच्छादन निखळल्यावर पुन्हा बसवलेच नाही, तर जांभ्या मातीचा बारीक गाळ थेट पुलीच्या खाचांत जाऊन बसतो.

गैरसमज ४ : पट्ट्याला भेगा नाहीत, म्हणजे तो चांगला आहे.

वस्तुस्थिती : हा निकष जुन्या निओप्रीन रबराच्या पट्ट्यांना लागू होता, कारण ते जुने झाले की त्यांना आडव्या भेगा पडत. १९९० च्या दशकापासून ईपीडीएम नावाचे, उष्णतेला अधिक टिकणारे रबर वापरात आले. या रबराला सहसा भेगा पडत नाहीत, तर ते टायरप्रमाणे हळूहळू झिजते. त्यामुळे पट्टा दिसायला अखंड असूनही त्याचे कंगोरे इतके झिजलेले असू शकतात की तो ताण पुरेसा असतानाही घसरेल. अशा पट्ट्याची परीक्षा भेगा शोधून होत नाही. खाचांची खोली मोजणारे लहान मापक मिळते, ते खाचेत ठेवून झीज पाहावी लागते. कंगोऱ्यांवर आरशासारखी चकाकी आलेली असणे हीदेखील घसरणीची विश्वासार्ह खूण आहे.

गैरसमज ५ : पट्ट्यावर स्प्रे, साबण किंवा पावडर लावली की आवाज कायमचा जातो.

वस्तुस्थिती : पकड वाढवणारे चिकट स्प्रे आवाज तात्पुरता दाबतात, परंतु त्यांच्या थरावर धूळ बसून कंगोऱ्यांच्या खाचा भरतात, आणि कंगोऱ्यांच्या पट्ट्यांवर अशी द्रव्ये वापरू नयेत, असेच पट्टे बनवणारे सांगतात. साबणाने तर पकड आणखी कमी होते. तेल किंवा शीतक द्रव पडून फुगलेला, मऊ झालेला पट्टा पुसून पूर्ववत होत नाही. आधी गळती थांबवावी, पुलीच्या खाचा स्वच्छ कराव्यात आणि मगच नवा पट्टा बसवावा.

गैरसमज ६ : पट्टा जास्त ताणला की आवाज थांबतो.

वस्तुस्थिती : पट्ट्याची पकड त्यावरील ताण, घर्षण आणि पुलीला पडलेला वेढा यांवर अवलंबून असते, १८ व्या शतकात गणितज्ञ ऑयलर याने मांडलेल्या नियमानुसार घर्षण आणि वेढा वाढले की ही पकड अतिशय वेगाने वाढते. म्हणून झीज किंवा ओलावा यांमुळे घर्षण घटले असताना केवळ ताण वाढवून फारसे साधत नाही; उलट अल्टरनेटर आणि वॉटर पंप यांच्या बेअरिंगांवर भलताच भार येऊन ती लवकर निकामी होतात. ज्या गाड्यांत स्प्रिंगचा टेन्शनर आहे, तेथे ताण हाताने वाढवण्याचा प्रश्नच येत नाही. तेथे इंजिन मंद गतीवर चालू ठेवून भुजेकडे पाहावे : ती जवळजवळ स्थिर असावी. भुजा जोराने थरथरत असेल, तर टेन्शनर थकला आहे किंवा, विशेषतः डिझेल गाड्यांत, अल्टरनेटरच्या एकाच दिशेने पकडणाऱ्या पुलीचा क्लच जाम झाला आहे. डिझेल इंजिनाची गती प्रत्येक स्फोटागणिक कमीजास्त होते आणि तिचे हिसके पट्ट्याला बसू नयेत, यासाठीच काही गाड्यांत ही पुली वापरलेली असते.

गैरसमज ७ : पट्ट्यावर पाणी टाकल्यावर आवाज थांबला, म्हणजे दोष गेला.

वस्तुस्थिती : पाणी हा उपाय नसून कसोटी आहे. इंजिन मंद गतीवर असताना, हात, पदर आणि सैल कपडे दूर ठेवून, पट्ट्याच्या कंगोऱ्यांच्या बाजूवर पाण्याचा अगदी थोडा फवारा मारावा. आवाज काही सेकंद थांबून परत आला, तर पुल्यांची रेषा चुकली आहे, असा संशय घ्यावा. एखाद-दीड मिलिमीटरचा तिरकेपणाही चिवचिवाटास पुरेसा होतो. आवाज उलट वाढला, तर ताण कमी आहे किंवा पट्टा झिजला आहे. काहीच फरक पडला नाही, तर बेअरिंगांकडे वळावे. अशा वेळी थंड इंजिनवरून पट्टा उतरवून प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावी; खरखर किंवा डुगडुग जाणवली, तर दोषी भाग तेथेच सापडतो. पट्टा नसताना इंजिन काही क्षण चालवल्यावर आवाज नाहीसा झाला, तर दोष याच यंत्रणेत असल्याचे सिद्ध होते; मात्र वॉटर पंप या पट्ट्यावर असेल, तर ही चाचणी काही सेकंदांपलीकडे नेऊ नये.

गैरसमज ८ : पट्टा तुटलाच, तर फार तर बॅटरी उतरेल.

वस्तुस्थिती : इंजिनातील झडपांची वेळ सांभाळणारा दातेरी टायमिंग बेल्ट वेगळा असतो आणि येथे चर्चिलेला पट्टा वेगळा, हे खरे, परंतु म्हणून या पट्ट्याचे तुटणे किरकोळ ठरत नाही. वॉटर पंप त्यावर असेल, तर चढावर इंजिन काही मिनिटांत तापते, आणि द्रवदाबाचे पॉवर स्टिअरिंग असेल, तर ते एकदम जड होते. जुन्या डिझेल जीपगाड्यांपैकी अनेकांत ब्रेकला साहाय्य करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागेच जोडलेला असतो; तेथे पट्टा तुटला की साठलेला व्हॅक्यूम दोन-चार वेळा ब्रेक दाबताच संपतो आणि पुढे ब्रेकला कितीतरी अधिक जोर लावावा लागतो. करूळ घाटाच्या उतारावर याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

निदानाचा क्रम म्हणून असा ठरतो : प्रथम आवाज केव्हा व कसा येतो हे लक्षपूर्वक ऐकावे, मग गळती, पट्ट्याच्या कडा, कंगोरे आणि क्रमांक पाहावेत, त्यानंतर पाण्याची कसोटी घ्यावी, टेन्शनरची भुजा तपासावी आणि शेवटी पट्टा उतरवून पुल्या फिरवून पाहाव्यात, सुटे भाग विकत घेण्याची वेळ या सर्वांनंतर येते. मे महिन्यात, पहिल्या पावसापूर्वी, ही तपासणी करून घेणे गगनबावडा परिसरातील वाहनधारकांसाठी सर्वांत योग्य ठरते. त्यातून अनावश्यक खर्च तर वाचतोच. शिवाय ज्या घाटांत रात्रीच्या वेळी धुक्यात मदत पोचायला वेळ लागतो, तेथे गाडीत बसलेल्या प्रवाशांची सुरक्षितता त्या पट्ट्यावरही अवलंबून असते, ही जाणीव त्या तपासणीमागे असायला हवी.