टिशियनच्या चित्रांपुढे रुबेन्स

चित्रकार पीटर पॉल रुबेन्स 1628 मध्ये माद्रिदला गेला तो राजकारणासाठी. स्पेन आणि इंग्लंडमध्ये तह जुळवायचा होता. वय 51, कीर्ती युरोपभर. तरी हा माणूस फावल्या वेळात स्पेनचा राजा चौथा फिलिप याच्या संग्रहातली टिशियनची चित्रे तैलरंगांत उतरवून काढत असे. टिशियन त्याच्या जन्माच्या आदल्याच वर्षी वारला होता, तेव्हा शिकायचे तर चित्रांकडूनच. राजाकडचे सगळे टिशियन त्याने उतरवले, असे चित्रकार व्हेलास्केझचा सासरा पाचेको याने लिहून ठेवले आहे.

नक्कल म्हटली की आपण नाक मुरडतो. पण टिशियनची मानवी त्वचा नुसती बघून उलगडत नाही. रंगीत अस्तरावर दबक्या रंगांत छायाप्रकाशाची मांडणी, उजेडाच्या जागी जाड पांढरट रंग, तो वाळल्यावर पारदर्शक रंगाचे पातळ थर. प्रकाश या थरांतून आत जाऊन फिकट तळावरून परततो आणि अंगाला आतली ऊब येते. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही; हवेतला ऑक्सिजन घेऊन सावकाश घट्ट होते. त्यामुळे वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा जास्त लागते, नाहीतर रंग तडकतो. पुऱ्या झालेल्या चित्रात हा सारा क्रम झाकलेला असतो. तो हुडकल्याशिवाय नक्कल करणाऱ्याचा हात पुढे सरकत नाही.

टिशियनचे मूळ ‘आदम आणि ईव्ह’ आणि रुबेन्सची नक्कल, दोन्ही चित्रे माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत, उंची सुमारे 2.4 मीटर. रुबेन्सचा आदम जास्त पिळदार, पुढे झुकलेला. शिवाय मुळात नसलेला तांबडा पोपट त्याने झाडावर बसवला. माझ्या मते हा पोपट म्हणजे शिष्याने गुरूशी घातलेला वाद आहे.

त्याच दरबारात तरुण व्हेलास्केझ होता. रुबेन्स 1629 च्या वसंतात परतला आणि त्याच वर्षी व्हेलास्केझ इटलीला निघाला, तिथले जुने उस्ताद अभ्यासायला. नकलेतून शिकण्याची ही रीत पुढेही टिकली. पॅरिसचे लूव्र 1793 मध्ये संग्रहालय म्हणून उघडले आणि नकला करणाऱ्यांना तिथे जागा मिळाली. आजही परवाना मिळतो. एक अट अशी की नक्कल मुळाच्या मापाची नको. चित्रकार देगा तरुणपणी तिथेच पूसँची चित्रे उतरवत असे.

टिशियनचे ‘युरोपाचे अपहरण’ही रुबेन्सने माद्रिदमध्ये उतरवले. मूळ चित्र पुढे स्पेनबाहेर गेले. 1896 मध्ये इझाबेला स्टुअर्ट गार्डनर यांनी ते विकत घेतले आणि आता ते बोस्टनला आहे. प्रादोत आहे ती रुबेन्सची नक्कल.