कपडे वाळविण्याचे यंत्र : पिंप न फिरण्याच्या दोषाचे निदान

कपडे वाळविण्याचे यंत्र : धुऊन पिळलेल्या कपड्यांत उरलेले पाणी फिरत्या पिंपातून गरम हवा खेळवून काढून टाकणारे यंत्र. पिंपाचे फिरणे हा या यंत्राच्या कार्याचा गाभा आहे. ते थांबल्यास कपडे नीट वाळत नाहीतच, शिवाय काही परिस्थितींत तापक (उष्णता निर्माण करणारा भाग) चालूच राहून कपडे होरपळण्याचा व क्वचित आग लागण्याचा संभव असतो. पिंप न फिरण्याची कारणे पुष्कळ आहेत; तथापि यंत्राचा आवाज आणि पिंप हाताने फिरविताना जाणवणारा विरोध या दोन खुणांवरून दोष कोणत्या भागात आहे, हे यंत्र उघडण्यापूर्वीच बहुधा ठरविता येते.

इतिहास : हाताने फिरवावयाचे, सच्छिद्र धातूचे पिंप विस्तवावर धरून कपडे वाळविण्याचे साधन फ्रान्समध्ये पोशाँ यांनी इ. स. १८०० च्या सुमारास तयार केले. अमेरिकेत जॉर्ज टी. सॅम्पसन यांना कपडे वाळविण्याच्या साधनाचे एकस्व (पेटंट) १८९२ मध्ये मिळाले. नॉर्थ डकोटातील जे. रॉस मूर यांच्या अभिकल्पावर आधारलेले विजेवर चालणारे यंत्र विस्कॉन्सिनमधील हॅमिल्टन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३८ मध्ये बाजारात आणले. थंड हवेच्या प्रदेशांत, विशेषतः उत्तर अमेरिकेत, दुसऱ्या महायुद्धानंतर या यंत्राचा घरगुती वापर वाढला. भारतात ऊन मुबलक असल्याने त्याचा प्रसार मर्यादित राहिला.

रचना व कार्य : घरगुती यंत्रातील पिंप आडव्या अक्षाभोवती फिरते. उत्तर अमेरिकी पद्धतीच्या यंत्रात त्याचा व्यास सु. ७० सेंमी. असतो. ते लहान आधार-चाकांवर किंवा मागील बाजूच्या धारव्यावर (फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या भागावर) टेकलेले असते. पुढील व मागील कडांना घर्षण कमी करणाऱ्या नमद्याच्या पट्ट्या बसविलेल्या असतात. विद्युत् चलित्राच्या (मोटरच्या) दांड्यावर एक छोटी कप्पी असते. पातळ, बारीक खाचांचा रबरी पट्टा या कप्पीवरून निघून पिंपाच्या संपूर्ण घेराभोवती जातो. तो सैल पडू नये म्हणून स्प्रिंगने दाबलेली एक ताण-कप्पी त्यावर टेकलेली असते. बऱ्याच यंत्रांत दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हवा खेचणारा पंखा असतो. म्हणजे एकच चलित्र पिंप व पंखा दोन्ही चालविते.

चलित्राचे मिनिटाला सु. १,४०० ते १,७०० फेरे होतात, तर पिंपाचे सु. ५० होतात. कप्पी लहान व पिंप मोठे असल्याने ही घट आपोआप साधते. पिंपाचा वेग मुद्दाम एवढाच ठेवलेला असतो. सु. ३४ सेंमी. त्रिज्येच्या पिंपाचे मिनिटाला सु. ५१ फेरे झाले, की त्याच्या भिंतीशी केंद्रोत्सारी प्रेरणा गुरुत्वाकर्षणाएवढी होते. वेग यापेक्षा बराच वाढला तर कपडे भिंतीला चिकटून राहतील. फारच कमी झाला तर ते तळाशीच लोळत राहतील. योग्य वेगात ते वर उचलले जातात, सुटे होऊन खाली पडतात आणि पडताना त्यांच्यामधून गरम हवा वाहते. पिंप थांबले, की हवा कपड्यांच्या गठ्ठ्याच्या केवळ बाहेरच्या थराला लागते व आतील कपडे ओलेच राहतात.

पुष्कळ यंत्रांत चलित्रावर एक केंद्रोत्सारी स्विच असतो. चलित्राने वेग घेतला, की तो आरंभीची गुंडाळी मंडलातून वगळतो व त्याच वेळी तापकाचे मंडल जोडतो. त्यामुळे चलित्र बंद असताना तापक सहसा चालू होत नाही. मात्र पट्टा तुटला असेल, तर चलित्र फिरत असते, तापकही तापतो आणि कपडे एका जागी पडून राहतात. यासाठी काही यंत्रांत ताण-कप्पीजवळ वेगळा स्विच बसवितात. पट्टा तुटताच तो चलित्र बंद करतो.

निदान : प्रथम यंत्र कोणता आवाज करते ते ऐकावे. नंतर ते बंद करून त्याचा प्लग काढावा, दार उघडून पिंप हाताने फिरवून पाहावे. या तपासणीतून पुढील तीन अवस्था वेगळ्या काढता येतात.

(१) चलित्र चालते, पंख्याचा आवाज येतो, पण पिंप स्थिर राहते : दोष चलित्र व पिंप यांच्यामधील भागात असतो. हाताने पिंप अगदी हलके फिरत असेल, तर पट्टा तुटला आहे किंवा कप्पीवरून निसटला आहे असे समजावे. पट्टा शाबूत असताना चलित्राचाही भार हाताला जाणवतो. पट्टा जुना होऊन ताणला गेला किंवा ताण-कप्पीची स्प्रिंग निखळली, तर पट्टा घसरतो. अशा वेळी रिकामे पिंप फिरते, परंतु ओले कपडे भरल्यावर थांबते.

(२) चलित्र नुसते गुणगुणते व थोड्या वेळाने गप्प होते : चलित्राला वीज मिळते, पण ते फिरू शकत नाही. पिंप हातानेही जड लागत असेल, तर आधार-चाके किंवा धारवा आवळला गेला असेल, अथवा मोजा, रुमाल यांसारखा लहान कपडा पिंप व कड यांमध्ये अडकला असेल. आधीचे काही दिवस ठराविक अंतराने धपधप किंवा किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, तर चाके वा ताण-कप्पी झिजल्याची ती पूर्वसूचना असते. पट्टा सोडविल्यावर पिंप मोकळे फिरते, पण चलित्राचा दांडा फिरत नाही, असे आढळल्यास पंख्यात अडकलेली लव (कपड्यांतून सुटणारे बारीक तंतू) अथवा चलित्राचे धारवे तपासावेत. दोन्ही मोकळे असतील, तर आरंभीची गुंडाळी, केंद्रोत्सारी स्विच किंवा धारित्र (कपॅसिटर) यांत दोष असतो. चलित्र गप्प होते ते त्यातील अतितापरक्षकामुळे. ते थंड झाल्यावर पुन्हा गुणगुणू लागते, म्हणून दोष आपोआप गेला असे मानू नये.

(३) चलित्राचा आवाजच येत नाही : हा दोष विद्युत् मंडलात असतो. घरातील वीजपुरवठा व वितळतार (फ्यूज) प्रथम पाहावी. उत्तर अमेरिकेतील विद्युत् यंत्रांत तापक २४० व्होल्टवर, तर चलित्र सामान्यतः १२० व्होल्टवर चालते. त्यामुळे दोन वितळतारांपैकी एकच गेली असता यंत्रातील दिवा लागतो पण उष्णता मिळत नाही, किंवा यंत्र सुरूच होत नाही. त्यानंतर दाराचा स्विच तपासावा. दार लावताना त्याची ‘टिक्’ ऐकू आली नाही, तर दाराची खिट्टी मोडलेली असू शकते. काही यंत्रांत हवेच्या मार्गावरील उष्मीय वितळतार चलित्राच्या मंडलात असते. ती ठराविक तापमानाला कायमची तुटते. हवा बाहेर नेणारी नळी लवेने तुंबणे हे तिच्या तुटण्याचे नेहमीचे कारण असल्याने नळी साफ न करता नवी वितळतार बसविल्यास तीही थोड्याच दिवसांत तुटते. स्विच व वितळतार यांतून विद्युत् प्रवाहाला सलग मार्ग आहे की नाही, हे वीज पूर्ण तोडून रोधमापकाने पाहता येते.

दुरुस्ती : यंत्र उघडण्यापूर्वी प्लग काढणे आवश्यक असते, केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. वायूवर चालणाऱ्या यंत्राची वायूची तोटीही बंद करावी. धारित्रात वीज तोडल्यावरही विद्युत् भार शिल्लक राहू शकतो, म्हणून ते जाणकाराकडूनच तपासून घ्यावे. नवा पट्टा त्याच प्रतिमानासाठी (मॉडेलसाठी) सांगितलेल्या लांबीचा असावा. बहुतेक यंत्रांत त्याची खाचांची बाजू पिंपाकडे राहते. तो ताण-कप्पीखालून घेऊन चलित्राच्या कप्पीवर चढवितात. आवरण बसविण्यापूर्वी पिंप हाताने पूर्ण दोन-तीन वेळा फिरवून पट्ट्याला पीळ पडलेला नाही याची खात्री करावी. यंत्र उघडलेलेच असल्याने तळाशी साचलेली लव याच वेळी काढून घेणे इष्ट ठरते.

सुरक्षितता : दाराचा स्विच, पट्ट्याचा स्विच व उष्मीय वितळतार हे भाग यंत्र बंद पाडतात, म्हणून त्यांना तारेने जोडून वगळण्याची प्रवृत्ती आढळते. असे केल्याने यंत्र सुरू होते, परंतु तापलेल्या तापकाशेजारी कपडे व कोरडी लव स्थिर पडून राहण्याची परिस्थिती निर्माण होते. हे भाग बसविलेले असतात ते नेमके हीच परिस्थिती टाळण्यासाठी. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अंदाजानुसार २००८–१० या काळात तेथील निवासी इमारतींत कपडे वाळविण्याच्या यंत्रांमुळे दरवर्षी सु. २,९०० आगी लागल्या. साफसफाई न करणे हे त्यांचे सर्वांत मोठे कारण (सु. ३४ टक्के) होते. प्रत्येक वापरानंतर लवेची जाळी साफ करणे, नळी वेळोवेळी मोकळी करणे व घरात कोणी नसताना यंत्र चालू न ठेवणे, ही काळजी घ्यावी.

पिळणी टाकी : भारतात अर्धस्वयंचलित धुलाई यंत्राच्या दुसऱ्या टाकीलाही ‘ड्रायर’ म्हणतात, तथापि तिचे तत्त्व वेगळे आहे. तीत सामान्यतः तापक वा पट्टा नसतो. उभ्या अक्षावरील छिद्रयुक्त टोपली खालच्या चलित्राला थेट जोडलेली असून ती मिनिटाला हजाराहून अधिक वेळा फिरते आणि पाणी केंद्रोत्सारी प्रेरणेने बाहेर फेकले जाते. झाकण उघडताच गतिरोधक (ब्रेक) टोपली थांबवितो. ही टोपली फिरत नसल्यास झाकणाचा स्विच, गतिरोधक मोकळा करणारी तार, टोपलीखाली गेलेला कपडा आणि धारित्र या क्रमाने तपासणी करतात. येथेही गुणगुणणे हे अडथळ्याचे किंवा धारित्रातील दोषाचे, तर पूर्ण शांतता हे तुटलेल्या मंडलाचे लक्षण मानतात. टोपलीचा वेग फार मोठा असल्याने झाकणाचा स्विच निकामी करून उघड्या टाकीत हात घालणे येथे विशेष घातक ठरते.